अर्ध्या गोळ्यांचा डबा

दि. ४ डिसेंबर
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कामावरची आजची पाळी कशीबशी उरकली. महिनाभर गोळ्या घेऊनही आईचं ब्लडप्रेशर उतरत नाही, म्हणजे काय? डॉक्टर येत्या सोमवारी डोस दुप्पट करणार म्हणतेस. रागावू नकोस, पण शिलाईच्या गडबडीत गोळी द्यायची राहते का गं? मलाही आता तीच गोळी लागली आहे, गेल्या महिन्यातल्या पत्रात आईला कळवलंच होतं. एक दिवस चुकली तरी डोकं ठणकतं.

माया पातळ करू नकोस.
तुझा,
धाकटा

दि. ११ डिसेंबर
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राने आधी रडले, मग चिडले. गोळी मी रोज स्वतः तिच्या हातावर ठेवते. पाणी प्यायला ती स्वयंपाकघरात जाते, तेवढीच नजरेआड होते.

रविवारी पीठ शोधताना सुट्टीतल्या बिस्किटांचा जुना डबा हाती लागला. आत अर्ध्या अर्ध्या गोळ्या, कागदात बांधलेल्या. तशीच डॉक्टरांकडे धावले. डोस दुप्पट झाला असता आणि तिने कधी पूर्ण घेतला असता, तर भोवळ येऊन पडली असती, म्हणाले.

आठवतं ना, आपण सात भावंडं, आणि सणाचं प्रत्येक बिस्कीट ती तळहातावर मोडायची? अर्धं आज, अर्धं सुट्टी संपताना. चुरासुद्धा दुधात जायचा. तू दोन्ही अर्धी पहिल्याच दिवशी चट्टामट्टा करायचास आणि नंतर आमच्या तोंडाकडे बघत बसायचास. मग ती आपलं अर्धं गुपचूप तुझ्या खिशात सारायची. आम्हा सहाजणांना ते दिसायचं. मला फार राग यायचा, खोटं कशाला बोलू, अजून येतो.

गोळ्या कोणासाठी, विचारलं तर म्हणाली, त्यालाही तीच लागते, परगावी संपली तर कोण देईल. मला अर्धी पुरते म्हणून हटून बसली आहे. कालपासून बोलताना तिची जीभ जड होते, डॉक्टर म्हणतात अख्खी गोळी घेतल्याशिवाय उपाय नाही. मला भीती वाटते. तूच काहीतरी कर.

तुझी,
ताई

दि. १६ डिसेंबर
ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई हे वाचून दाखवेल. माझ्याकडे तीन महिन्यांच्या गोळ्या आहेत. तरी आजपासून मी अर्धीच घेतोय. तू अख्खी गिळलीस असं ताईचं पत्र येईपर्यंत अर्धीच घेईन. डोकं आत्ताच ठणकायला लागलंय.

तुझा,
धाकटा

दि. २० डिसेंबर
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आईने पत्र पुरतं वाचूही दिलं नाही. माझ्यासमोर अख्खी गोळी गिळली आणि तोंड उघडून दाखवलं. तुला काय काय म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही. आता चटकन पोस्टात जा म्हणून माझ्या मागे लागली आहे, तेव्हा बाकीचं उद्या. तुझी गोळी घे.

तुझी,
ताई