अंजिराखालची जागा

माऊन

माझ्या आईला ओतेंगचा दुरून नमस्कार,

मी मजेत आहे. खोकलाही जवळजवळ गेलाय. तुझे गुडघे कसे आहेत? खरं सांग.

पर्यटकांच्या गाड्या भरून देता देता माझे केस पिकले. यंदा गाडी तुझ्यासाठी भरतोय. पाणी, डिझेल, मक्याचं पीठ, सगळं घेतलंय. गाडीच्या छपरावरच्या तंबूत मी झोपेन, तुझा तंबू खाली. डोळे मिटले की दिसतं, पुराचं पाणी गवतातून हलकेच पसरतंय आणि तू शेजारी बसून म्हणतेयस, “हळू चालव रे गाढवा!”

जंगली प्राण्यांच्या पार्कासाठी तुमची वस्ती नदीकाठावरून उठवली, तेव्हापासून तू त्या नदीचं नावही घेत नाहीस. तरी मी तिथल्या मुक्कामाची परवानगी काढायला पार्काच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या मुलीने विचारलं, “आई पार्कात आधी कधी आल्यात?”

म्हटलं, “नाही गं, पार्कच तिच्या अंगणात आलं.”

ती हसली, मग नकाशावर बोट फिरवू लागली. नदीकाठच्या मोठ्या अंजिराखालची जागा तिने आपल्याला दिली.

येशील ना? शेळ्या मावशी बघेल.

घराची खूण आता उरली नसेल. पण तुमची चूल कुठे होती, ते तू दाखव. शेकोटी तिथेच पेटवू.

वाट बघणारा,
तुझा ओतेंग