सीडी न खाणारं मशीन

पेण, २६ सप्टेंबर २०२५

चि. ऋतुजास बाबाचे अनेक आशीर्वाद. शौनकरावांना नमस्कार. लग्नाला दीड वर्ष झालं आणि हा माझा त्यांना पहिलाच नमस्कार, तेव्हा नीट पोचव. फोन केला असता, पण तू "बाबा" म्हणशील आणि माझं धंद्याचं राहून जाईल.

आधी हिशेब. स्वस्तातलं गेमचं मशीन मी घरी आणून बघितलं. सीडीवाल्या मोठ्या मशीनपेक्षा दहा हजारांनी कमी. वर नेटवरून तीन गेम घेतले, बारा हजार. तेच तिन्ही गेम हमरापूरच्या पोरांकडून जुन्या सीडीवर तीन हजारांत मिळतात, पण ह्याला सीडी घालायला खाचच नाही. म्हणजे दहा वाचवले, नऊ घालवले. चौथा गेम घेतला की मी तोट्यात.

तरी सांगतो, दिवाळीला हा माल ठेव. ठेवच. फक्त तुम्ही दोघांनी ठरवलंय तसं तुमच्या रोह्याच्या दुकानाचं सगळं भांडवल त्यात घालू नकोस, एका सणात धंदा बसेल. कुठून कळलं विचारू नकोस. मिठागरात टोपल्या वाहून इथवर आलो तो ह्या कानांच्या जोरावर. पेणच्या गल्ल्यावर बसून मी रोह्याचा बाजार ऐकतो.

गंमत बघ. हमरापूरला गणपतीची मूर्ती स्वस्त करायची तर उंची उतरवतात, खडे कमी लावतात. सोंड कोणी काढून घेत नाही. ह्या कंपन्यांनी नेमकी सोंडच काढली. आपला रितेश रंगारी, गणपती रंगवल्याचे पैसे खिशात, मशीन उलटंपालटं करून म्हणतो, "काका, याचा तोंड कुठं हाय?" हसून हसून पुरेवाट. तो आणि त्याचे मित्र, सात पोरं सीडी फिरवून खेळतात, त्याला मोठंच दिलं. पण गडबच्या मास्तरीणबाईंना स्वस्तातलं दिलं. घरात फायबरचं नेट, मुलगा एकटा, आणि वर्षभर एकच फुटबॉल खेळणारा. बाई खूश, मीही खूश. किंमत सांगायच्या आधी एवढंच विचारायचं, सीडी कुणाकडून आणणार? उत्तरावर माल काढायचा.

काल तू तेच केलंस. तो निडी गावचा माणूस पैसे मोजायला लागला होता आणि तू म्हणालीस, "दादा, ह्यात मित्राची सीडी चालणार नाही." गिऱ्हाईक उठलं. शौनकराव पुटपुटले. त्यांना सांग, पायरी उतरताना तो बायकोला म्हणाला, "बाई खरा बोलते. पगार झाला का मोठा इथूनच न्यायचा."

तुझी आई शेजारी बसलीय. म्हणते, "तुमी त्या डब्याचाच लिवताव. पोर कशी हाय ता इचारा." तू वाळल्येस, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

पेणहून एवढं ऐकू येत नाही गो. गेले तीन गुरुवार, आपलं पेणचं दुकान बंद असतं तेव्हा, मी तुझ्या दुकानासमोरच्या चहावाल्याकडे खांबाआड बसलेला असतो.

तुझा
बाबा