दोन साड्यांचं एक लुगडं

माय, आज छावणीत दिवसभर तुझीच आठवण येत होती. यंदाही नायगावकडे पाऊस नाही. जनावरांसाठी छावणी उघडली आहे आणि तिथली व्यवस्था बघायचं काम माझ्याकडे आहे. मी अजून तशीच आहे, दाव्याची गाठसुद्धा दोनदा ओढून बघते. शिपाई हसतात, "मॅडम, बैल सुटला तर आम्ही हाव की धरायला." पण परवा मला एक गोष्ट दिसली ती कुणाला दिसली नव्हती. टँकर समोर उभा असून बाया पाणी पीत नव्हत्या. बरोबरचे म्हणाले, त्यांना सवय असते. मी एकीजवळ जाऊन बसले आणि विचारलं. ती म्हणाली, "पाणी प्यावं तर मंग जायाचं कुठं? चहूकडं गडीमाणसं." दिवस मावळायच्या आत आम्ही ताडपत्रीचा आडोसा उभा केला. साहेबांनी विचारलं, हे तुम्हाला कसं सुचलं? मी म्हणाले, भूकंपात शिकले. त्यांना वाटलं, कुठलं तरी प्रशिक्षण असेल.

तूही अशाच एका दुष्काळात देवणीकडचं गाव सोडून लातूरला आली होतीस. जिल्हा नवा झाला होता, इमारती उठत होत्या, डोक्यावर वाहायला वाळू-सिमेंट होतं. पुढे मान दुखायला लागली तेव्हा तू लोकांच्या वाकळा शिवायला घेतल्यास. जुन्या लुगड्यांचे थरावर थर लावून तू टाके घालायचीस आणि मी समोर बसून पाढे म्हणायची. आपल्या घरात पाटी माझ्याच हाती पहिल्यांदा आली, म्हणून चूक झाली तर सगळ्या घराची होईल असं मला वाटायचं. तुला पाढे येत नव्हते, तरी मी अडखळले की तुझी सुई थांबायची.

भूकंप झाला तेव्हा वस्तीतल्या बायांनी घरोघर भाकरी थापल्या, फडक्यात बांधल्या आणि ट्रकात बसून निघाल्या. शाळा बंद होती, म्हणून तू मलाही घेतलंस. तिथे गाव असं उरलंच नव्हतं, दगडमातीचा ढीग होता. वरून पाऊस. रस्त्याच्या कडेला शहरातून आलेल्या कपड्यांचा दुसरा ढीग, त्यात कोट, स्वेटर, पोरांच्या चड्ड्या, पाचवारी गोल साड्या, सगळं चिखलात भिजत पडलेलं. आम्ही भाकरी वाटत ताडपत्रीच्या एका पालाशी आलो. बाहेर एक माणूस डोकं धरून बसलेला. आत त्याची आई होती. पायावर भिंत पडून जखम चिघळली होती. दवाखान्याची गाडी संध्याकाळी लातूरला निघणार होती, पण आई पालाबाहेर यायला तयार नव्हती. तरुण डॉक्टर दोनदा येऊन गेला होता. तो तुला म्हणाला, "आज नेलं नाही तर पाय कापावा लागेल, कदाचित त्याच्याही पुढे जाईल. म्हातारी हट्टी आहे." मुलगा म्हणाला, "मायनं जीवच सोडलाय बघा. ऐकतच न्हाई."

तू भाकरी घेऊन आत गेलीस, तुझ्या मागे मी. ती घोंगडीत गळ्यापर्यंत गुंडाळलेली होती. भाकरी घ्यायला तिने फक्त पंजा बाहेर काढला. तू त्या पंजाकडे बघत राहिलीस. मग मला म्हणालीस, "तोंड तिकडं कर." मी पाठ फिरवली. मला फक्त ऐकू येत होतं.

"मावशी, अंगावर काय हाय?"

"काय बी न्हाई. लुगडं तिथंच ऱ्हायलं, ढिगाखाली. मला वढून काढली तवा."

"साडी दिली की त्या लोकांनी."

"गोल साडी! परकर लागतो तिला. जलमात परकर घातला न्हाई मी. न्हुसती गुंडाळून गावाम्होरं निघू? पाय जाऊ दे तिकडं."

तू बाहेर आलीस आणि कुणाशी न बोलता कपड्यांच्या ढिगात शिरलीस. एक सुती साडी काढलीस, मग तिच्याच पन्ह्याची दुसरी. मधे हिरवी हातात आली तेव्हा पालाच्या फटीतून बघत म्हातारी म्हणाली, "हिरवं नको गं बाई." तिचा नवरा त्याच भिंतीखाली गेला होता. तू हिरवी खाली ठेवलीस. पालाच्या दाराशी बसून दोन्ही साड्यांचे पदर फाडून काढलेस, नऊ वार मोजून घेतलेस आणि जोड अशा जागी धरलास की नेसल्यावर तो निऱ्यांत जावा, कासोट्यात येऊन काचू नये. सुईदोरा तुझ्या कमरेच्या पिशवीत कायम असायचा. गाडीवाला हॉर्न वाजवत होता. डॉक्टर म्हणाला, "मावशी, लवकर." तू म्हणालीस, "तुम्ही टाके घालताना मी घाई करते का?"

तेवढ्यात आतून प्रश्न आला, "कुणाची गं तू?" तिकडे या प्रश्नाचा एकच अर्थ असतो. मला वाटलं, काहीतरी दुसरं सांग. तू दोरा दातानं तोडलास आणि म्हणालीस, "आम्ही जयभीमवाले, मावशी." मुलगा जमिनीकडे बघत होता. आता ती हे लुगडं अंगाला लावणार नाही आणि गाडी निघून जाईल, असं मला वाटलं. मग म्हातारी म्हणाली, "टाके जवळजवळ घाल. उसवलं तर तुला कुठं हुडकू?"

"उसवलं तर चालत या लातूरला. पण त्याला आधी पाय ऱ्हायला पायजे."

ती हसली. खोकल्यासारखं, पण हसलीच.

तू आत जाऊन तिला नेसवलंस. ती बाहेर आली, डोक्यावर पदर, कासोटा पक्का, तुझ्या खांद्यावर पूर्ण भार टाकून. त्या दोन रंगांच्या लुगड्यात ती चिखलातून गाडीपर्यंत गेली आणि कडेला बसलेली माणसं उठून उभी राहिली. तिचा पाय वाचला. पुढे तिच्या मुलानं लातूरला येऊन सांगितलं. त्या दिवशी मात्र गाडी जाते न जाते तोच आणखी पालांतून हाका आल्या, "ओ लुगडंवाली बाई." वस्तीतल्या बाया ढिगाभोवती बसल्या आणि अंधार पडेपर्यंत साड्या जोडत राहिल्या.

मी दहावी व्हायच्या आधीच तू गेलीस. हे लिहिलेलं कुठे पाठवणार? पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी तुला वाचून दाखवायला मलाच यावं लागलं असतं. ही हकिकत मी खूप जणांना सांगितली आहे, कामावर नवीन माणूस आला की सांगतेच. सांगताना म्हणते, म्हातारी गाडीत बसली तेव्हा माझ्या मायचा चेहरा बघण्यासारखा होता. लोक माना डोलावतात. पण माय, तुला खरं सांगते, तो चेहरा मी पाहिलाच नाही. सगळे म्हातारीकडे बघत होते, आणि मीही तिच्याकडेच बघत होते.