एक नंबर पोरं

विंडसर, रविवार

दादा,

हे पत्र मी पाठवणार नाही. नाक्यावर बंदूकवाले तुझा फोन उघडून बघतात, हे तूच सांगितलंस.

काँगोत तू खाणीवरून जो कोबाल्ट विकत घेतोस, तोच इथे आमच्या बॅटरीच्या प्लांटमध्ये येतो. ऑडिटच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, तिथे दगड धुतं कोण? मी बिनधास्त सांगितलं, वर्कर्स. तू नेहमी म्हणायचास ना, "माझी पोरं धुतात, एक नंबर पोरं आहेत!" नागपूरच्या गॅरेजमध्ये बाबा पन्नाशीच्या मेकॅनिकलाही पोरगाच म्हणायचे. मला वाटलं, तसंच.

काल तुझा व्हिडिओ आला. तू ओरडलास, "चला रे पोरांनो!" आणि कमरेएवढ्या पाण्यातली सगळी डोकी वळली. कृतिका माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "आई, इज दॅट मामाज स्कूल?"

तू कधी खोटं बोललाच नव्हतास, दादा.

उद्या मी मॅनेजरला खरं सांगणार आहे. मग व्हिडिओ कुणी पाठवला, हे त्या बंदूकवाल्यांना कळायला कितीसा वेळ लागेल?

म्हणून आत्ता तुला व्हॉट्सॲपवर एवढंच टाकते: "बाबा सिरियस आहेत, मिळेल त्या विमानाने निघ."

बाबांना खांदा तूच दिला होतास. ओळखशील ना रे?

तुझी,
यामी