दारेसलामसाठी जुनी लुगडी

॥ श्री ॥

डोंबिवली,
ता. १८ नोव्हेंबर १९५४

चि. शुभदेस आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. तुझं पत्र दिवाळी उलटल्यावर पोचलं. श्रीपाद कचेरीतून आला की मोठ्यानं वाचायचं, असा आपला शिरस्ता. पण या खेपेस मी ते आधी एकटीनं वाचलं आणि मग त्याच्यापुढे धरलं. मार्चअखेर दारेसलामचा दवाखाना सोडून कायमची घरी येतेस, हे वाचून तुझ्या भावाला इतका आनंद झाला की त्यानं त्याच रविवारी कल्याणला जाऊन एक स्थळ बघितलंसुद्धा. बिजवर आहे, पण दात सगळे आहेत. उत्तरा म्हणाली, "अहो, वन्संना निदान बोटीतून उतरू तरी द्या." तुझी वहिनी नवऱ्यासमोर एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच बोलली असेल.

मी तुला 'ये' म्हणून लिहावं अशी घरातली आज्ञा आहे. लिहीन. त्याआधी मला थोडं विचारायचंय. तू अर्धंच लिहितेस, आणि उरलेलं अर्धं माझ्या डोक्यात दिवसभर भुंग्यासारखं फिरतं.

बाळंतपणात आई गेलेली पोरं दवाखान्यात ठेवतात, त्यांतली दोन या पावसाळ्यात गेली, असं तू लिहिलंस. दूध होतं, औषध होतं, तरी गेली. मग कशानं गेली? डॉक्टर काय म्हणाले? संध्याकाळी तू बाळंतिणींच्या खोलीत गेलीस की त्या पाळण्यांपाशी कोण असतं? त्या पोरांना आज्या नाहीत का? न्हाऊ कसं घालतात, पायावर घेऊन की घमेल्यात बसवून? नारळ उदंड म्हणतेस, तर तेल लावत असतीलच. लावतं कोण? विहिरीचं पाणी खारं आहे की गोडं, त्यात तुरीची डाळ शिजते का? आणि कुणी ठेचकाळलं, थकलं, रडलं की तिथली माणसं जवळ येऊन "पोले, पोले" म्हणतात, असं लिहिलंयस. तुला म्हणतं का गं कुणी?

आता कापडाचं. आम्ही पाठवलेल्या झबल्यांचं काय झालं, तो तुझ्या पत्राचा भाग मी भगिनी मंडळात वाचून दाखवला तेव्हा सगळ्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली. आधीच्या पत्रात तू मागितलं होतंस जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड, तान्ह्यांसाठी. ते मी त्यांना शब्दशः सांगितलं होतं. पण सुमेधाताई मंडळाच्या अध्यक्ष ना! त्या म्हणाल्या, "परदेशात धर्मकार्याला आपण फाटकं पाठवायचं? डोंबिवलीची अब्रू काय राहील?" झालं. वर्गणी काढून कोरा मांजरपाट आणला, त्याला खळ एवढी की नुसता उभा राहील. त्याची झबली शिवली, कुंच्यांना जरीची किनार लावली, दोन कुंच्यांना मोती. मीही शिवत होते, माझंही डोकं तेव्हा चाललं नाही. देवाच्या नावानं द्यायचं तर नवंच द्यायचं, जुनं फक्त बोहारणीला, असं आपल्या हाडात बसलंय. आता तू लिहितेस, झबल्यांनी पोरांच्या काखा सोलवटल्या, आणि जरीच्या कुंच्या आयांना इतक्या आवडल्या की त्यांनी त्या मडक्यात जपून ठेवल्या, पोरं उघडीच.

सुमेधाताई म्हणाल्या, "मग त्यांनी आधी धुवायचं नाही का?" मी म्हटलं, "धुवायला हात असते तर शुभदा धुऊन मऊ झालेलं कापड कशाला मागती?" त्या दिवशी चहा जरा गारच मिळाला.

लहानपणी गणपतीच्या देवळात बुवा भूतदयेवर रंगात आले होते आणि तू मध्येच उठून विचारलंस, "बुवा, तुम्ही कुठल्या आजाऱ्याला पाणी पाजलंत?" बुवांनी चिपळ्या वाजवून वेळ मारून नेली. तुझे नाना घरी येईपर्यंत गप्प होते, आणि घरी आल्यावर पोट धरधरून हसले. तुला नर्सिंगला घालायचं त्यांनी त्याच दिवशी ठरवलं असं ते म्हणत. आणि त्याच पोरीनं आता लिहिलंय, "आई, माझ्यातली श्रद्धा संपली, नुसता थकवा उरलाय." हे वाक्य मी श्रीपादला वाचू दिलं नाही. त्यावर बोट ठेवून पत्र धरलं होतं.

'ये' हे लिहायचं राहिलंच. जागा संपली. प्रश्नांची उत्तरं आधी पाठव.

आशीर्वाद,
आई

*

॥ श्री ॥

डोंबिवली,
ता. ६ फेब्रुवारी १९५५

चि. शुभदेस आईचे अनेक आशीर्वाद.

संक्रांतीचा तिळगूळ वेगळ्या पुडक्यात आहे, पोचेपर्यंत त्याची वडी राहील की वाळू होईल ते सांगवत नाही. अक्षर वाकडं आलं तर समजून घे, दंड दुखतोय. कशानं, ते पुढे येईल.

तू एकेका प्रश्नाचं उत्तर लिहिलंस, फार बरं वाटलं. म्हणजे संध्याकाळनंतर पाळण्यांपाशी कुणी नसतं. आज्या आतल्या गावांत, दोन-दोन दिवसांच्या वाटेवर. डॉक्टर म्हणाले की दूध कमी पडण्यापेक्षाही त्या पोरांना कुणी उराशी धरत नाही हे वाईट, आणि त्याचं औषध त्यांच्या कपाटात नाही. हे वाचलं आणि मी चूल पेटती ठेवून तशीच बसून राहिले. भात लागला.

कापडाची गंमत आधी सांगते, म्हणजे बाकीचं सांगायला धीर येईल.

मी पुन्हा घरोघर गेले. म्हटलं, आता तरी जुनं द्या. तर एकीला जुन्यावर बोहारणीकडून पातेलं घ्यायचं होतं. दुसरीनं दार अर्धं लोटून घेत सांगितलं, "नेसूचं वस्त्र परक्याच्या हाती गेलं तर कुणी करणी करील, आणि ती तर आफ्रिका!" करणी करणाराला साता समुद्रांपलीकडून डोंबिवलीची हीच बाई कशी सापडेल, हे मी विचारलं, तर तिनं उरलेलं अर्धं दारही लोटलं. हात हलवत घरी आले.

ओट्यावर कोपरची बायजा बसली होती. तिला तू ओळखतेस, मीठ आणि वालाच्या शेंगा घेऊन येते ती. मी माझं रडगाणं तिच्यापुढे गायलं. ती म्हणाली, "बाय, तू मांगतं कसा? जुना कपरा मांगलास त कोन देल? आमचे गावान म्हातारीचा लुगरा पोराचे आंगाला लावतान, म्हातारीचा आवक्ष पोराला मिलतं. तसा मांग." म्हातारीचं लुगडं तान्ह्याच्या अंगाला लागलं की म्हातारीएवढं आयुष्य त्याला मिळतं. अगं, हे तर आपल्यातही आहे! तुझं पहिलं दुपटं माझ्या आजेसासूबाईंच्या लुगड्याचं होतं. सगळ्या डोंबिवलीला हे ठाऊक आहे आणि एकीलाही आठवलं नाही, कारण दान म्हटलं की आपल्याला वर्गणी सुचते.

दुसऱ्या दिवसापासून मी कापड मागणं सोडलं. सरळ घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईपाशी जाऊन बसायचं आणि म्हणायचं, "आजी, एका आईवेगळ्या पोराला तुमचं आयुष्य हवंय." शुभदा, काय सांगू तुला! ट्रंका उघडल्या. सुमेधाताईंच्या सासूबाई, ज्या सुनेला सुपारीचं खांड मोजून देतात, त्यांनी स्वतः उठून दोन लुगडी काढली आणि शेजारच्या काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तिची कसली घेता, ती माझ्याहून धाकटी आहे." मग काकू चिडल्या, त्यांनी तीन दिली. बायजा मला कोपरला घेऊन गेली. तिथल्या म्हाताऱ्या तर माझीच थट्टा करत होत्या, "बामनीन लुगरी मांगाला आली!" पण देताना प्रत्येकीनं कापडावरून हात फिरवला.

एक म्हातारी मात्र देईना. जन्म मिठागरात गेला तिचा, पायाची कातडी फाटून फाटून तिला आता नीट चालवत नाही. ती म्हणाली, "माझा नको ग बाय. माझा आवक्ष लांब हाय, पन लय वंगाल. पोराला कनाला तो?" मी म्हटलं, "आजी, वय तेवढं घेते, बाकीचं सोड्यात उकळून टाकते." ती हसली आणि तिनं अंगावरचं सोडून उरलेलं एकुलतं लुगडं दिलं. घ्यावं की नाही कळेना. घेतलं. नाही घेतलं असतं तर तिच्या आयुष्याला मीही वंगाळच म्हटल्यासारखं झालं असतं.

सगळी लुगडी उत्तरानं आणि मी परसात सोड्यात उकळली, उन्हात वाळवली, दुपटी कापली. शिवण नाही, किनार नाही, मोती तर नाहीतच. गालाला लावून बघितली, लोण्यासारखी आहेत.

आता बाकीचं.

लाखाच्या वातींचा माझा नेम तुला माहीत आहे. नाना गेले तेव्हापासून रोज दुपारी वाती वळते. तुझं उत्तर आलं त्या दुपारीही वळायला बसले होते, आणि मनात आलं, देवाला एवढा उजेड कशाला लागतो? त्याला अंधारात दिसत नाही का? असा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता. हात थांबले ते थांबलेच. त्या हातांना काय येतं, याचा मी विचार करत बसले. मला इंजेक्शन देता येत नाही, तुझी इंग्रजी नावांची औषधं वाचता येत नाहीत. पण पायावर घेऊन तान्ह्याला न्हाऊ घालता येतं. पोर रडायचं थांबेपर्यंत मांडीवर घेऊन बसता येतं, आणि मला दुसरीकडे कुठे जायची घाईही नसते.

दंडाला सुई टोचली आहे, पिवळ्या तापाची. बोटीवर चढायचं तर ती लागते. ठाण्याला जाऊन फोटोही काढून आले. फोटोवाला म्हणाला, "आजी, हसू नका, पासपोर्टाचा आहे." मी मुद्दाम हसत नव्हते, मला आवरत नव्हतं.

तुमचा दवाखाना चालवणाऱ्या कच्छी शेटजींच्या मुंबईच्या पेढीवर उत्तरा मला घेऊन गेली. मी सांगितलं, पगार नको, दोन वेळचं जेवण आणि पोरांच्या खोलीत झोपायला जागा द्या. मुनीम चष्म्यावरून बघतच राहिला. पण तिकडे उतरायच्या परवान्याचं त्यांनी केलं, आणि तो काल हाती आला.

श्रीपादला परवान्यानंतर सांगितलं. तो ताटावरून उठला. "आई, लोक म्हणतील मुलाला जड झाली म्हणून आफ्रिकेला धाडली!" मी म्हटलं, "लोकांना सांग, बहिणीला परत आणायला गेली आहे." "म्हणजे आणणार आहेस ना?" मी त्याचं ताट झाकून ठेवलं. मग तो लहानपणी विचारायचा तशा आवाजात म्हणाला, "आणि समुद्रात तुला काही झालं तर?" त्याला मी थट्टेत सांगितलं की पाणी तिथं भरपूर आहे, तोंडात घालायला गंगा शोधावी लागणार नाही. तो हसला नाही. आत जाऊन मी रडले. नातवंडं इथे आहेत, शुभदा. धाकटा माझ्या कुशीत झोपतो. त्याला सोडून जाणं मला सोपं आहे असं समजू नकोस. उत्तरानं पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "जा तुम्ही. याला कुशीत घ्यायला मी आहे. तिकडे कुणी नाही."

भीती वाटते. बोट लागेल, भाषा कळणार नाही, ती पोरं माझा परका म्हातारा चेहरा बघून भोकाड पसरतील. आणि सगळं सेवेसाठीच करते म्हटलं तर तेही खोटं ठरेल. मला बघायचंय गं. नाशिकच्या पलीकडे मी पाऊल टाकलेलं नाही. समुद्राच्या मध्यावर रंग कोणता असतो, तिथली माणसं उखळात काय कांडतात, माझ्या लेकीनं रडत रडत का होईना पण इतकी वर्षं कुठे काढली, ते मला डोळ्यांनी बघायचंय. देव रागावणार असेल तर रागावो. त्यानंच जग एवढं मोठं केलं.

आता 'ये' लिहायचं राहिलंय ते. लिहीत नाही. तुला खरंच दुसरं काही हवं असेल, घर हवं असेल, लग्न हवं असेल, तर मी शब्दानं अडवणार नाही, आणि तुला कुणी बोललं तर माझ्याशी गाठ आहे. तसं असेल तर तार कर, मी थांबेन. पण नुसती एकटी पडलीस म्हणून येत असशील, तर थोडी थांब. श्रद्धा संपली म्हणतेस, संपू दे. एकीची संपली तर दुसरीनं पदर खोचायचा असतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बोट सुटते. तू दोन तास झोपशील तेवढा वेळ पाळण्यांपाशी मी बसेन, आणि उठल्यावर काय करायचं ते तू मला सांगायचंस. मी ऐकेन. घरात कधी कुणाचं ऐकलं नाही, पण तिथे ऐकेन.

तुझ्या हाताखाली कामाला येणारी,
आई