आतल्या खोलीचं काम

आई, आज दुपारी घरात कुणी नाही म्हणून तुला लिहायला बसले. हे बदनापूरला मित्राकडं गेलेत, संध्याकाळच्या गाडीनं येतील. कुकर झाला, धुणं वाळत घातलं, आणि मंग वाटलं, जे डोक्यात फिरून राह्यलंय ते कुणाला तरी सांगून टाकावं. ह्यांना सांगितलं तर हसतील. चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं तर डोळे मिटून माझ्यासाठी प्रार्थना करतील. मला दोन्ही नकोय. तू जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुला राग येणार नाही असं धरून चालते. आणि आला तरी तू काय करणार आहेस म्हणा!

नाताळच्या आधीची ती सकाळ तुला आठवते का? मी दहावीत होते. आपल्या मिशनच्या कंपाउंडातल्या त्या लांबट स्वयंपाकघरात मी खाली बसून करंज्यांचं पीठ मळतेय, तू चुलीशी खोबऱ्याचं सारण परततेस. दारात मागच्या घरांच्या लायनीतला माणूस येऊन उभा राहतो आणि म्हणतो, "बाई, माय गेली." तू कढई उतरवतेस, हात धुतेस, खुंटीवरची पिशवी घेतेस आणि मला म्हणतेस, चल. आपल्या चर्चच्या मंडळीत बाई वारली की घरच्या बायकांनी बाहेर रडायचं आणि आंघोळ घालायला दुसरीनं आत जायचं, ही आपल्याकडची पद्धत. ती दुसरी म्हणजे तू, हे मला माहीत होतं. पण मी कशाला? मी म्हटलं, "मी न्हाई येणार. मला भीती वाटते. अन् करंज्या कोण करणार?" तू आवाज चढवला नाहीस. म्हणालीस, "करंज्यावाचून नाताळ अडत न्हाई. ती बाई तिकडं तशीच पडून हाय. देवाला आत्ता दोघींचे हात पाह्यजेत. तुला इचारलं का मी, यायचं का म्हणून?" नाहीच विचारलंस. ना तेव्हा, ना नंतर कधी. हाताला पीठ तसंच, आणि मी तुझ्यामागं निघाले.

आत गेल्यावर तू दार लोटून घेतलंस आणि त्या गेलेल्या म्हातारीशी बोलायलाच लागलीस. "मावशी, जरा इकडं वळा. पाणी कोमट हाय, भिऊ नका." मी भिंतीला चिकटून उभी. मला म्हणालीस, "अगं, काल हिनंच तुला लिमलेटची गोळी दिल्ती ना? मंग आज काय झालं?" तू तिचा एकेक हात उचलून धुतलास, केस विंचरले, वेणी घातलीस, तोंड उघडं राहू नये म्हणून हनुवटीला पांढरी पट्टी बांधलीस, आणि सगळा वेळ बोलत राहिलीस, मावशी आता झालंच, मावशी पदर नीट करते बघा. बाहेर बायका गाणं म्हणत होत्या. माझी भीती कधी गेली मला कळलंही नाही. पण करंज्या राहिल्या त्या राहिल्याच, आणि दुसऱ्या दिवशी उपासनेला मी तोंड फुगवून बसले होते. हे तू पाहिलं होतंस.

तुझी रोजची प्रार्थना केवढी छोटी होती. पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले की भात करपायची वेळ यायची, आणि तू चूल पेटवता पेटवता म्हणायचीस, "देवा, काही लागलं तर सांग. मी घरीच हाय." बस, एवढंच. मला लहानपणी वाटायचं, देव खरंच समोरच्या लायनीत राहतो आणि त्याला कधी मीठ, कधी विरजण लागतं. मोठी झाल्यावर त्या 'घरीच'चा मला राग यायला लागला. घरीच का? बाकीच्या बायका माहेरी जायच्या, लग्नाला चार दिवस राहून यायच्या. तू कधी मंठ्याच्या पुढं गेली नाहीस. मी पदवीधर झाले तेव्हा मला मनगटी घड्याळ पाहिजे होतं, मी चार वेळा बोलूनही दाखवलं होतं. तू बक्षीस काय दिलंस तर कात्री! चांगली, जड, शिंप्याची कात्री. म्हणालीस, पांढरं कापड बराबर कापलं जातं हिनं. मी थँक्यू म्हणाले आणि मोरीत जाऊन रडले.

आणि मंग तुझं शेवटचं दुखणं. तू खाटेवर, मी पायाशी. तू विचारलंस, "तू हायेस ना?" मला वाटलं, पाणी पाहिजे असेल, पाय चेपायचे असतील. मी म्हटलं, हो, आहे ना. तू मान हलवलीस आणि डोळे मिटलेस, आणि तुझ्या चेहऱ्यावर निवांतपणा आला. बाजाराची भरलेली पिशवी दुसऱ्याच्या हातात दिली की बाई कशी खांदे सैल करते, तसं. तुला मीच आंघोळ घातली. दुसरं कोण होतं? तुझ्याशी बोललेही, तुझ्यासारखंच. आई, मान वळव. आई, केस किती गळलेत गं तुझे. मला तू ऐकत असल्यासारखं वाटलं, आणि त्याच वेळी वाटलं, ही गेली सुटून आणि मला आत कोंडून गेली.

तेव्हापासून मी घरीच आहे, बघ. नोकरी केली नवीन जालन्यात, बियाण्याच्या कंपनीच्या ऑफिसात, पण तिथंही फोन वाजला की शेजारच्या टेबलावरची मुलगी माझ्याकडं बघायची. आमचे सेठ मारवाडी, माणूस भला, पण बोलायला पक्का. म्हणायचे, "बाई, तुमचा देव पगार एक रुपया देत नाही, पण सुट्टी बराबर घेतो!" मी हसायचे आणि रिक्षा बघायचे. ह्यांनी एकदा औरंगाबादला सिनेमाची तिकिटं काढली होती, ती तशीच खिशात राहिली. कितीदा पोळी तव्यावर टाकून गेल्ते मी. प्रत्येक घरी एकच वाक्य: "काकू, तुम्ही आहात म्हणून बरं आहे." लोक किती प्रेमानं म्हणायचे ते! आणि मला दर वेळी बाहेरून कुणी कडी घातल्यासारखं वाटायचं. देवाला नाही म्हणता येत नाही, आणि देव स्वतः कधी येत नाही, कुणाच्या तरी सुनेला पाठवतो. तिला कसं नाही म्हणायचं?

तुझ्या नातीचं सांगते. ती नाशिकला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला माझी बॅग भरलेली, डिंकाचे लाडू डब्यात, रिक्षा दारात उभी. आणि फोन, मंडळीतली एक बाई गेली म्हणून. मी बॅग रिक्षातून परत घरात आणली. ह्यांनी रिक्षावाल्याला जा म्हटलं. मी नाशिकला पोचले तेव्हा बाळ होऊन गेलं होतं, तिच्या सासूनं सगळं निभावलं होतं. पोरगी माझ्याकडं न बघता म्हणाली, "मम्मी, मेलेल्या बायकांकडं तू टायमावर पोचतेस." अजून ते वाक्य मला जेवताना आठवतं. म्हणून या वर्षी दुसऱ्या खेपेला मी ठरवलं, काही होवो, जायचं. महिनाभर आधीच गेले. मंडळीत कुणाला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. तुझी शपथ, गाडी सुटेपर्यंत मी फलाटाकडं बघत होते, कुणी बोलवायला येतंय का म्हणून.

आणि नेमकी तेव्हाच तुझी मैत्रीण गेली. पलीकडच्या लायनीतली मावशी, जिच्याबरोबर तू रोज भाजी निवडायला बसायचीस ती. तिनं माझा हात धरून कितीदा म्हटलं असेल, "मला तूच घाल गं आंघोळ. दुसऱ्या कुणाचा हात नको." मी हो म्हटलं होतं. सकाळी ह्यांचा फोन आला, मावशी गेल्या म्हणून. इकडं पोरीला कळा सुरू झालेल्या, जावई गाडी काढतोय. मी मधल्या खोलीत उभी, एका हातात बाळाची दुपटी, एका हातात फोन. जा म्हणायला कुणी नव्हतं आणि थांब म्हणायलाही कुणी नव्हतं. पोरगी दारातून माझ्याकडं बघत होती. मी गाडीत जाऊन तिच्या शेजारी बसले. नातू झाला, चांगला, गुटगुटीत. मी त्याला मांडीवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं फोन धरून ठेवला. म्हटलं, आता विचारतील. पट्टी कशी बांधायची, साडी कशी नेसवायची, कुणाला काय माहीत आहे? मी फोनवरून सगळं सांगणार होते. कुणाचाही फोन आला नाही. संध्याकाळी मीच ह्यांना विचारलं. म्हणाले, "झालं की दफन. छान झालं सगळं." छान!

जालन्याला आले आणि बॅग टेकवून आधी पाळकीणबाईंकडं गेले. वयानं माझ्या पोरीएवढी आहे ती. तिनं आणि कंपाउंडातल्या दोन सुनांनी केलं होतं. मी चहा पीत पीत चौकशी सुरू केली. चौकशी कसली, झडतीच. केस? "धुतले, काकू." नखं? "काढली." हनुवटी? "बांधली, नंतर सोडली." पाणी गार तर नव्हतं? "कोमट केलं. मावशींना थंडी सोसत नव्हती ना." मी एकेक चूक शोधून राह्यले आणि मिळेना. शेवटी विचारलं, "शिकवलं कुणी तुम्हाला?" तर ती हसून म्हणाली, "तुम्हीच की! आम्ही बादल्या आणून द्यायचो, तुम्ही दार लोटून घ्यायचात. पण फट राहायची." आणि खाली बघून म्हणाली, "आम्ही मावशींशी बोललो पण. तुम्ही बोलता तसं." आई, मी तिला जवळ घ्यायला पाहिजे होतं. तू घेतलं असतंस. मी म्हटलं, "चहात साखर कमी आहे."

रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेत माझे आभार मानले. इतकी वर्षं सेवा केली, आता काकूंनी आराम करावा, नव्या पिढीनं काम हाती घेतलंय, देवाची स्तुती असो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहून हात जोडले. घरी येऊन ह्यांना म्हटलं, "बघा, काढून टाकलं मला." हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "अगं, तूच तर रोज म्हणायचीस, कधी सुटणार म्हणून." मला त्यांचा असा राग आला की मी भाजी न गरम करता तशीच वाढली. त्यांचं चुकलं काहीच नव्हतं, हेच तर दुखणं. मी रोज म्हणायचेच. आणि त्या पोरींना मी कधी आत घेतलं का? "तुम्हाला जमणार न्हाई, बाहेर बसा," हे मीच म्हणायचे. कडी बाहेरून कुणी घातली नव्हती, आई. आतून मीच धरून बसले होते. मला सुटायचं नव्हतं. मी अडकलेय हे सगळ्यांना दिसत राहावं, एवढंच पाहिजे होतं. तुझं तसं नव्हतं ना? का तुझंही थोडं तसंच होतं? त्या नाताळच्या आधीच्या सकाळी तू मला नेलंस, कारण तुला हात पाहिजे होते, की तुझ्या मागं काम थांबू नये म्हणून? मी हे आज पहिल्यांदा विचारून राह्यले.

मागच्या आठवड्यात परत एक बाई गेली, दवाखान्यातून निवृत्त झालेली, तुझ्यानंतर राहायला आलेली, म्हणून तुला माहीत नसेल. पाळकीणबाईंचा फोन आला. "काकू, आम्ही आहोत. तुम्ही आलात तरी चालेल, नाही आलात तरी चालेल." किती चांगल्या मनानं म्हणाली ती. मी गेले. पिशवी नेली नाही. बाहेर सतरंजीवर बायकांत बसले, त्यांच्याबरोबर गाणं म्हटलं. आतून पाण्याचा आवाज येत होता, बांगड्या वाजत होत्या, त्या पोरी हळू आवाजात बोलत होत्या. माझे हात मांडीवर पडलेले, आणि त्यांचं काय करावं ते मला कळेना. शेजारच्या बाईनं गाण्यांचं छापील पान दिलं ते धरून बसले.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. ह्यांची गाडी यायच्या आत फाडून टाकीन. गाणी म्हणताना माझे कान दाराकडंच होते. मी देवाकडं मागत होते, अगदी मनापासून, की त्यांचं काही तरी अडू दे. एखादी पट्टी बसू नये, एखादी पोरगी घाबरावी, आणि दार उघडून कुणी तरी म्हणावं, काकू, जरा येता का? शवपेटी उचलेपर्यंत कुणी हाक मारली नाही. तेव्हा मला रडू फुटलं, थांबेचना. बायकांनी मला धरलं, पाठीवरून हात फिरवले, पाणी दिलं. त्यांना वाटलं, मी गेलेल्या बाईसाठी रडते. मी तसंच वाटू दिलं.