आईला बटणवालाच फोन हवा

पप्पा, तुमच्या बायकोपुढे मी हात टेकले. तिच्या जुन्या फोनची बॅटरी फुगली, मागचं झाकण बसेना, तर तिनं त्याला केसांचं रबर लावलं आणि म्हणाली, "चालतंय ना." चालत नव्हतं. परवा दिवसभर फोन बंद आणि इथे अंबरनाथला माझा जीव टांगणीला. शेवटी बदलापूरला, शिरगावातल्या तिच्या शेजारणीला फोन करून दार ठोठावायला लावलं, तर बाईसाहेब गच्चीवर गोधडी वाळत घालत होत्या.

यात तुमचाही हात आहे, बरं का. कंपनीतून सुटलात की तुम्ही मिस कॉल द्यायचा आणि तिनं चहा टाकायचा, ही शिस्त तुमचीच. तेव्हा बोलायला पैसे पडायचे, कबूल. आता बोलणं फुकट झालंय, तरी ती मला मिस कॉल देऊन कापते. मी दवाखान्याच्या काउंटरवरून उठून, पेशंटची बोलणी खात उलट फोन लावते आणि ती विचारते, "जेवलीस का?" तेवढ्यासाठी! चिडून म्हटलं, अगं, सरळ बोलत जा की. तर म्हणे, "वाजला की कापायचा, असंच शिकवलंय तुझ्या पप्पांनी." इतक्या वर्षांत तुमचा शब्द तिनं मोडला नाही, आणि माझा एक ऐकत नाही.

म्हणून रविवारी तिला उल्हासनगरला, कॅम्प एकच्या बाजारात घेऊन गेले. म्हटलं, आता मोठा फोनच घेऊ, व्हिडिओ कॉलवर तुझी तब्येत तरी दिसेल मला. दुकानातले सिंधी काका गोड बोलणारे. स्क्रीनवर बोट फिरवत म्हणाले, "आंटी, ये ले लो. बेटी का मुँह घर बैठे रोज दिखेगा." आई काउंटरवर पिशवी ठेवून म्हणते, "मुँह तो वो आके दिखाती ना. ये लिया तो आयेगीच नहीं." काका हसले. मी भर दुकानात ओरडले, पप्पा. तुझ्यासाठी जीव तोडून सांगतेय आणि तू काय भलतंच बोलतेस! ती साध्या फोनची बटणं एकेक दाबून बघत राहिली आणि तोच घेतला. रिक्षात मी फुगून बसलेली, तर नव्या फोनवरून तिनं मला मिस कॉल दिला. शेजारी बसून! लागतो का बघत होती म्हणे.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. तुम्ही असता तर तिची तक्रार केली असती आणि तुम्ही तिचीच बाजू घेतली असती. पण एवढं लिहिलंच आहे तर सांगते, आईसमोर बोलू नका. अंबरनाथहून बदलापूर काय लांब आहे? तरी आधी रविवारआड, मग महिन्यातून एकदा, असं माझं जाणं कमी होत गेलंय. त्या दुकानात माझ्या डोक्यात तेच चाललं होतं, की एकदा हिला माझं तोंड फोनवर दिसायला लागलं की पुढच्या रविवारी जायला नको.